पलीकडच्या टोकाचे टॅकल

३ जून

दादा,

पाकीट बंद करण्याआधी दरवर्षीप्रमाणे लिहून ठेवतो: आज मंगळवार, आपल्या मुलींचा राष्ट्रीय रग्बी संघ अकरा जुलैला जाहीर व्हायचा आहे, आणि सोबतच्या कागदावरची पंधरा जणी मी कुणाशी बोलून ठरवलेल्या नाहीत. चोवीस वर्षं आपण हे पत्रानेच करतो. फोनवर केलेलं भाकीत माणूस नंतर सोयीने फिरवतो, पोस्टाचा शिक्का फिरवता येत नाही. हा नियम तूच काढलास, मी एकदा फिरवल्यावर.

कप्तान नर्सबाईच. चौतिसावं लागलं म्हणून तिला काढा म्हणणाऱ्यांनी आधी तिच्यासारखी एक पेनल्टी मारून दाखवावी. नऊ नंबरला माशी. एकोणीस वर्षांची आहे, कुणाच्या हाताला लागत नाही आणि पंचांच्या कानाशी सतत गुणगुणते. तू पुन्हा जुन्याच नऊ नंबरला घेणार, मला माहीत आहे. तुझं प्रेम एकदा बसलं की उठत नाही.

आता सात नंबर. हे पान मी तीनदा लिहिलं. सातला मी चिमणीला घेतलेलं नाही. खांबाला घेतलं आहे.

तुझी मुलगी म्हणून घेणं जितकं चूक, तितकंच तुझी मुलगी म्हणून न घेणं चूक. दोन्हींपैकी मी काही करत नाही ना, हे स्वतःला विचारून झालं. शेवटी वही उघडली. सात नंबरचं मुख्य काम टॅकल: चेंडू घेऊन धावत येणारीला कमरेखाली धरून पाडायचं. या मोसमात दोघींचे सहा-सहा सामने मी आपल्या मैदानावर पाहिले. चिमणी एकतीस वेळा टॅकलला गेली, नऊ वेळा समोरची निसटली. खांब चव्वेचाळीस वेळा गेली, चार वेळा निसटली.

प्रयोगशाळेत मी काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडतो. ठेकेदार म्हणतात, साहेब, जरा मालाचा रंग तरी बघा. मी रंग बघत नाही, किती दाबाला फुटला तेवढं लिहितो. जो ठोकळा माझ्या डोळ्यांसमोर फुटला नाही, त्याचा आकडा माझ्या वहीत नसतो. मैदानावरही हाच नियम आहे. जे दिसलं तेच लिहायचं.

आपले कॉलेजचे मास्तर, म्हणजे आता निवड समितीचे चिटणीस, माझी वही मागत होते. बघू.

तुझा धाकटा


९ जून

मोजणीदार,

तुझं पत्र दुकानात आलं. एका बसच्या चाळीस सीटांना कव्हरं शिवायची होती. तुझ्या सात नंबरपाशी पोचलो आणि सुई बोटात गेली. आता त्या बसमध्ये एका सीटवर तुझ्या नावाने रक्ताचा थेंब आहे. बसशील तेव्हा जपून बस.

तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नावडतीचं मीठ अळणी."

मी म्हटलं, "अगं, पुतणी आहे त्याची. नावडती कशी होईल?"

"मी कुठे काय म्हटलं?" म्हणाली, आणि कुकर लावायला गेली.

आधी बाकीचं भांडण उरकू. माशी? अरे, तिने मागच्या सामन्यात चेंडू पंचाच्या पाठीत मारला! आपला जुना नऊ नंबर सावकाश आहे, पण निदान आपल्याच माणसाला पास देतो. तुझी कप्तान मान्य. तुझा पंधरा नंबर म्हणजे उभं केलेलं कपाट आहे, मान्य नाही.

आता चिमणी. राग आला, लपवत नाही. पण मी तिला खेळताना बघतो तेव्हा माझ्या डोळ्यांत बापाचं पाणी असतं. तुझी वही कोरडी असते. मी तिलाच विचारलं, नऊ वेळा निसटल्या का गं? म्हणाली, "काकांनी लिहिलंय म्हणजे निसटल्या असतील." संपलं. मी सांगितलेलं तिने इतक्या मुकाट्याने कधी ऐकलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी दुकानामागे चाललंय. मी रेक्झिनची पिशवी शिवून दिली आहे, कापडाच्या कात्रणांनी ठासून भरलेली, माणसाच्या वजनाची. तिला शंभर वेळा जाऊन आदळते. उजवा खांदा सुजलाय. थांब म्हटलं तर म्हणते, नऊ म्हणजे नऊ. माझी जर्सी मागितली सरावाला, मी सातला खेळलो त्या एकाच मोठ्या सामन्याची. दिली. कपाटात ठेवून तिला काय कसर खायला घालायची?

मास्तरांना वही जरूर दे. खरं आहे ते जाऊ दे. फक्त एक कर. या नऊ चुका कुठल्या सामन्यात, कितव्या मिनिटाला, ते लिहून पाठव. पोरीला काय सुधारायचं ते तरी कळेल.

तुझा दादा


१३ जून

दादा,

मागितल्याप्रमाणे नऊ चुका, सामना आणि मिनिट यांसह, वेगळ्या कागदावर. बावीस यशस्वी टॅकलचीही मिनिटं लिहिली आहेत. मी फक्त वाईट तेवढं टिपतो असं वहिनींना वाटायला नको.

खांद्याला बर्फ लावा. काका म्हणून एवढंच सांगतो. निरीक्षक म्हणून सांगायचं तर, ती खांदा उशिरा खाली नेते, म्हणून सुजतो. खांबाचा कधी सुजल्याचं ऐकलं नाही.

आणि जर्सी सरावाला द्यायला नको होती. ती मळवण्याची वस्तू नाही. माझ्याकडे असती तर...

ते जाऊ दे. पंधरा नंबरबद्दल तुझं म्हणणं विचार करण्यासारखं आहे.

तुझा धाकटा


२० जून

मोजणीदारसाहेब,

तुझा कागद भिंतीवर लागला आहे. पण पोरीने त्यात एक खोड काढली आहे. मी म्हटलं, काकांच्या वहीत खोड काढणारी तू कोण? म्हणाली, "बाबा, काढत नाही, विचारतेय." म्हणून तिच्याच शब्दांत लिहितो.

"चौथ्या सामन्यात पहिल्या चाळीस मिनिटांत माझा एकही टॅकल नाही. मी काय मैदानावर अंघोळ करत होते? आणि तीन चुका मात्र त्याच चाळीस मिनिटांतल्या आहेत. बाकीच्या पाच सामन्यांतही तसंच. एका अर्ध्यात दोन-चार जणींना तरी पाडलेलं, दुसऱ्यात शून्य. मी अर्धाच सामना खेळते का?"

त्या चौथ्या सामन्याला मी होतो. पहिल्या अर्ध्यात मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. कशासाठी ओरडत होतो मग? पण मी बाप, माझी साक्ष चालत नाही. तू होतास तिथे, फाटकाजवळच्या कोपऱ्यात, तुझ्या घडीच्या खुर्चीवर. मी हात केला तर तू वही वर केलीस. तूच सांग.

खांदा जरा बरा आहे. पिशवी फाटली, पुन्हा शिवली.

तुझा दादा


२४ जून
(हे पत्र पोस्टात टाकलं नाही)

दादा,

चार दिवस तिचा प्रश्न घेऊन बसलो आहे. उत्तर पहिल्याच दिवशी कळलं होतं.

फाटकाच्या कोपऱ्यातून अलीकडचं टोक स्वच्छ दिसतं. पलीकडचं टोक शंभर मीटरवर आहे. तिथे एक पडली की तिच्यावर चौघी पडतात, ढिगारा होतो, आणि तळाशी कोण आहे ते इथून दिसत नाही. जे दिसलं नाही ते मी लिहीत नाही. चिमणी सगळ्यांत बुटकी, पहिली जाते, सगळ्यांत खाली असते. पण तिच्या हातून कुणी निसटली तर ती एकटीच मोकळ्या मैदानात धावत सुटते. ते शंभर मीटरवरूनही दिसतं. तेवढं मी लिहिलं. म्हणजे तिचं चांगलं काम एका टोकाचं आणि चुका दोन्ही टोकांच्या. खांबाचं तसं नाही. ती ढिगाऱ्यातूनही वर उरते, शिवाय डोक्याला पांढरी टोपी.

माझ्या वहीतल्या नऊपैकी सात चुका पलीकडच्या टोकाच्या आहेत. फक्त अलीकडचं टोक धरलं तर चिमणी चोवीस वेळा गेली आणि दोनदा चुकली. बारांत एक. खांबाचा हिशेब अकरांत एक.

इथपर्यंत झाली पद्धतीची चूक. ती तुला लिहिता आली असती. पण मी जुन्या वह्या काढल्या. मागच्या मोसमापर्यंत प्रत्येक पानाच्या मध्यावर लिहिलेलं आहे: "मध्यंतर, जागा बदलली." ज्या टोकाला संघ बचाव करतो त्या टोकाला मी बसायचो. संघाने बाजू बदलली की खुर्ची उचलून त्यांच्यामागे चालत जायचो. अठरा वर्षं गेलो. या मोसमात, चिमणी पहिल्या संघात आली त्या सामन्यापासून, ते वाक्य नाही. त्याऐवजी लिहिलं आहे: "गुडघा दुखतो, बसून राहिलो."

हिला विचारलं, माझा गुडघा कधीपासून दुखतो गं? म्हणाली, "चार वर्षं झाली. पण तो मैदानावर जास्त दुखतो वाटतं. घरी जिन्यावरून तर टणाटण उतरता."

दादा, मला चिमणीचा हेवा वाटत नाही असं मी समजत होतो. वीस वर्षांच्या मुलीचा कसला हेवा? पण ती जाते तशी, डोकं एका बाजूला, उजवा खांदा पुढे, तसा तू जायचास. त्या एका सामन्यात तू सातला होतास आणि मी राखीव बाकावर, अंगात दोन स्वेटर. ऐंशी मिनिटं तू एकदाही उठायला वेळ लावला नाहीस. तुझा पाय मोडावा असं मला वाटत नव्हतं. मुरगळावा, असं वाटत होतं. दहा मिनिटांपुरता. मला फक्त दहा मिनिटं हवी होती.

हे पाठवायचं की नाही, उद्या ठरवतो.


२ जुलै

बारा दिवस उत्तर नाही, म्हणून मास्तरांना फोन केला. वाटलं, आजारी आहेस की काय. म्हटलं, भावाने वही दिली का हो तुम्हाला? म्हणाले, "दोन जूनपासून तिची झेरॉक्स माझ्या टेबलावर आहे. उत्तम काम. सगळ्या सभासदांना सात नंबरच्या आकड्यांच्या नकला दिल्या."

दोन जून. तीन तारखेच्या पत्रात तू लिहितोस, वही मागत होते, बघू. काय बघणार होतास? आणि मी भोळा सांब तुला लिहितो, जरूर दे!

तुझी वहिनी तर आधीच बोलून झाली होती.

पोरीचा प्रश्न अजून भिंतीवर आहे. समिती आठ तारखेला बसणार आहे. उत्तर असेल तर दे.

दादा


५ जुलै

दादा,

उत्तर आहे. चोवीस जूनचं न टाकलेलं पत्र सोबत जोडलं आहे. ते आधी वाच. त्यातला एकही शब्द बदललेला नाही, तसा मोह झाला होता.

वहीची झेरॉक्स मी दोन तारखेला दिली आणि तीन तारखेला तुझ्यापासून लपवली. का लपवली? तू "थांब, पुन्हा बघ" म्हणशील या भीतीने. तू म्हणालास "जरूर दे." त्यानंतर तुला काही लिहिण्याची माझी हिंमत झाली नाही.

काल मास्तरांकडे गेलो. ते बूट पुसत बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं की सात नंबरचे आकडे चुकीचे आहेत. त्यांनी विचारलं, "मोजताना चुकलास?"

"नाही. एका टोकाला बसून राहिलो."

"तू? तू तर मध्यंतराला खुर्ची घेऊन निघायचास. पोरं हसायची, निघाली वरात म्हणून."

"या वर्षी नाही निघालो."

"का?"

मी म्हटलं, "तिथे माझ्या भावाची मुलगी खेळत होती."

ते बराच वेळ एकच बूट पुसत राहिले. मग म्हणाले, "तुला त्या दिवशी बाकावर मीच बसवलं होतं. राग माझ्यावर काढायचास. पोरीवर कशाला?"

त्यांनी झेरॉक्स परत दिली. सभासदांना चिठ्ठ्या लिहितो म्हणाले, आणि उद्याच्या रविवारच्या सामन्याला स्वतः जाऊन दोन्ही टोकांना उभे राहणार आहेत. एका सामन्यात जितकं दिसेल तितकं. माझी वही यापुढे समितीला नको, हे त्यांनी म्हणायच्या आधी मीच म्हटलं.

चिमणीला सांग: खांदा उशिरा खाली जातो, हे मी कुठेही पाहिलेलं नाही. ते मी रचलं होतं.

धाकटा


१२ जुलै

दादा,

तुझं पत्र आलेलं नाही, येणार नाही हेही समजतो. तरी हे लिहायला हवं.

काल प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत यादी वाचली. नर्सबाई आहे, माशी आहे, सातला खांब आहे. चिमणी राखीवांतही नाही. आता पहिला विचार काय आला ते लिहितो. पहिला विचार आला: म्हणजे माझी वही बरोबरच होती.

डबा उघडा होता, घास हातात होता. चिमणीला किती वाईट वाटलं असेल, हा विचार दुसरा. मध्ये किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मला तो फार वाटला. मला बरं वाटलं होतं, दादा. एकदम हलकं.

संध्याकाळी मास्तरांना विचारायला गेलो. त्यांनी लपवलं नाही. रविवारी चिमणी त्यांना फार आवडली. समितीत पाच जण. दोन मतं तिला, तीन खांबाला. तिघांपैकी दोघांना खांब उंचीमुळे हवी होती, बाजूने आत येणारे चेंडू हवेत पकडायला. ते रास्त आहे. तिसऱ्याने मास्तरांची चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "आकडे मागे घेतले ठीक आहे, पण ज्याच्या हातून एकतीसपैकी नऊ असं लिहिलं गेलं, त्याला काहीतरी दिसलंच असेल ना?"

म्हणजे तिची जागा गेली ती वहीने नाही, वहीवरच्या विश्वासाने. तो विश्वास मी अठरा वर्षं चालत जाऊन मिळवला होता.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी म्हणावं लागेल. हे फक्त तुला माहीत असावं.

धाकटा


१९ जुलै

यादीच्या दिवशी चिमणी दुकानात आली आणि एका रिकाम्या सोफ्याच्या सांगाड्यात बसून राहिली. स्प्रिंगा टोचत होत्या तरी उठली नाही. मी शिवत राहिलो. खेळाडूचं एक वर्ष म्हणजे काय, हे तुला सांगायची गरज नाही. तुझं असंच एक गेलं आणि मग सगळीच गेली.

तुझं पत्र मी तिला देणार नव्हतो. तुझ्या वहिनीने दिलं. म्हणाली, तिचं गेलंय, तिला कळू दे. मी तयारीतच होतो. म्हटलं, पोरगी पेटेल, कागद फाडेल, निदान एकदा तरी तुला शिव्या घालेल, आणि मग मी शांतपणे म्हणेन, जाऊ दे, काका आहे.

तिने वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. "पहिला विचार" पाशी थांबली आणि चक्क हसली. म्हणाली, "बाबा, काकांनी हे लिहून पाठवलं? मी तर कुणाला सांगितलंच नसतं. मागच्या महिन्यात खांबाचा घोटा लचकला ना, तेव्हा मला असंच हलकं वाटलं होतं. दोन दिवस मला वाटत होतं मी फार वाईट मुलगी आहे." मग म्हणाली, "काकांना लिहा, जळा म्हणावं. पण मोसम सुरू झाला की जवळ येऊन जळा."

हा तिचा निरोप, तसाच पोचवला. माझा नाही. मी अजून तुझ्यावर रागावलेलो आहे आणि तो राग संपवायची मला घाई नाही. मुरगळण्याचं मी समजू शकतो. दोन जूनचं समजू शकत नाही.

आणखी एक. ते पत्र तिने नीट घडी करून आपल्या किटबॅगेत ठेवलं, बुटांशेजारी. इतकी वर्षं तिच्यासाठी मी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत पळतो आहे. माझं असं काही तिने कधी जपून ठेवलेलं मी पाहिलं नाही. तुझं ठेवलं. तेही असलं. सुईत दोरा ओवत होतो, तीनदा हुकला.

तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला हे कळणार नाही, म्हणून तुला लिहितो. पोटात दुखलं रे.

दादा